गाडीची दुसरी चावी : कानशीपासून परवलीपर्यंत

दोन चाव्यांपैकी एक प्रवासात कुठेतरी पडली, म्हणून उरलेल्या चावीवरून डुप्लिकेट करून घ्यायला मी चावीवाल्याच्या टपरीपुढे गाडी लावली. त्याने यंत्राच्या एका पकडीत माझी चावी बसवली, दुसरीत कोरी पट्टी, आणि चाक सुरू केले. पितळेचा बारीक कीस खाली सांडला. कडांवरून कानस फिरली. पाच मिनिटांत नवी चावी माझ्या हातात होती. ती दाराला लागली, स्टिअरिंगचे कुलूपही सुटले. स्टार्टर फिरला, इंजिन पेटले आणि दोन सेकंदांत बंद पडले. डॅशबोर्डवर गाडी आणि चावीचे लहानसे चित्र लुकलुकत राहिले.

पुन्हा तेच झाले. मग चावीवाल्याने माझी जुनी चावी मागून घेतली. ती कुलपात न घालता त्याने कुलपाच्या तोंडाला नुसती चिकटवून धरली आणि नवी चावी फिरवली. इंजिन सुरू झाले, आणि सुरूच राहिले. "गाडीला नुसते दात चालत नाहीत साहेब, आतली चिप लागते," असे म्हणत त्याने जुन्या चावीचे काळे डोके नखाने उघडून दाखवले. आत शेंगदाण्याएवढा एक चपटा काळा तुकडा होता. त्याला ना तार, ना सेल. माझी गाडी चावीच्या दातांवरून नव्हे, तर त्या तुकड्यावरून मालक ओळखत होती.

हा तुकडा चावीत आला कुठून, आणि तो आल्यापासून दुसरी चावी करण्याची परवानगी कोणाच्या हातात गेली, हे दोन प्रश्न त्या टपरीवरून माझ्याबरोबर घरी आले. पुढचा मागोवा त्यांचाच आहे.

आकाराची चावी

हजारो वर्षे चावी म्हणजे एक आकार होता. प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपात खुंट्या खाली पडून अडसर अडवत. चावीवरच्या खुंट्यांनी त्या उचलल्या की अडसर सरके. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येलने १८६० च्या दशकात हेच तत्त्व धातूच्या लहान कुलपात बसवले, आणि आपल्या परिचयाची चपटी, दातेरी चावी जन्माला आली. या चावीचा एक गुण फार महत्त्वाचा होता : तिची नक्कल कोणालाही करता येई. मूळ चावी, एक कोरी पट्टी, कानस आणि बसलेला हात एवढे असले की पुरे. कुलूप बनवणाऱ्याला विचारायची गरज नव्हती. चावी ज्याच्या हातात, त्याच्याच हातात दुसरी चावीही होती.

सुरुवातीच्या मोटारींना ही चावीदेखील नव्हती. पुढे उभे राहून हँडल मारायचे आणि इंजिन जागे करायचे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत चावी ठिणगीचा विजेचा मार्ग जोडण्यापुरतीच होती. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल हळूहळू मागे पडले. १९१९ पासून मॉडेल टीच्या चाव्यांवर ५१ ते ७४ असे क्रमांक असत. म्हणजे लाखोंनी खपलेल्या त्या गाडीला चाव्यांचे प्रकार अवघे २४. क्रमांक कळला की चावी मिळाली. त्या काळी चावी म्हणजे एक स्विच होता. चोराला अडवणे हे तिचे मुख्य काम नव्हतेच.

चावी फिरवली की इंजिन सुरू, ही आज स्वाभाविक वाटणारी क्रिया क्रायस्लरने १९४९ साली रूढ केली. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले. अमेरिकेत चोरीविरोधी कुलपाचा नियम १९७० च्या आरंभी लागू झाला. तरीही हे सगळे संरक्षण पोलादाचे होते. कुलपाचा गाभा फोडला, मागच्या दोन तारा जुळवल्या, की गाडी निघे. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवल्या, त्यांना झिजलेली चावी दुसऱ्याच्या गाडीला लागल्याचा अनुभव नवा नसेल. दात झिजतात, कुलपाच्या पट्ट्याही झिजतात, आणि झिजलेल्या कुलपाला आपले-परके कळत नाही.

दातांच्या पलीकडे पहिले पाऊल

आकाराशिवाय चावीने आणखी काहीतरी सांगितले पाहिजे, ही कल्पना जनरल मोटर्सने १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आणली. चावीच्या पात्यात एक लहानशी काळी गोळी बसवलेली असे. ती म्हणजे विजेचा रोध, रेझिस्टर. ठरलेल्या १५ मूल्यांपैकी एक मूल्य प्रत्येक गाडीला दिलेले असे. चावी आत गेली की गाडी तो रोध मोजे. तो जुळला नाही तर स्टार्टर आणि इंधन दोन्ही बंद, आणि पुन्हा प्रयत्न करायला दोन ते चार मिनिटे थांबायचे. १५ शक्यता तशा फार नव्हेत. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या चोराला दर चुकीनंतर काही मिनिटे थांबायला लागणे हीच मोठी अडचण होती.

दुसरी चावी करण्याच्या कामात पहिला बदल इथे झाला. कानशीच्या जोडीला ओहममापक आला. चावीवाल्याने आधी गोळीचा रोध मोजायचा, तेवढ्याच रोधाची कोरी चावी काढायची आणि मग दात कापायचे. तरीही नक्कल त्याच्या हातात होती. मोजता येते ते करता येते. गाडीला काही सांगावे लागत नव्हते.

हाक आणि ओ

त्या काळ्या तुकड्याचे कुळ मात्र कुलपांच्या घराण्यातले नाही. त्याची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या आकाशात आहेत. ब्रिटनच्या रडारला येणारे विमान दिसे, पण ते आपले की शत्रूचे हे कळत नसे. म्हणून ब्रिटिश विमानांत एक उपकरण बसवले. रडारची लहर त्यावर आदळली की ते ठरलेल्या रीतीने उत्तर परत पाठवी. आपल्या फौजांत रात्री पहाऱ्यावरचा शिपाई येणाऱ्याला परवल विचारी. इथे परवल विचारणारे रडार होते आणि शब्द सांगणारे विमान. अशा उपकरणाला 'ट्रान्सपाँडर' हे नाव मिळाले. मराठीत त्याला हाकेला ओ देणारा म्हणता येईल.

विमानातल्या ट्रान्सपाँडरला विमानाची वीज मिळे. वीज नसताना ओ कशी द्यायची? १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला लाकडी राजचिन्ह भेट मिळाले. त्याच्या आत लिओन थेरेमिनने बनवलेले ऐकणारे यंत्र होते. त्याला सेल नव्हता. बाहेरून रेडिओलहर सोडली की ते बोलू लागे. १९५२ पर्यंत ते कोणाला सापडले नाही. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेश कसा देता येईल यावर शोधनिबंध लिहिला. १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो यांना स्मरणशक्ती असलेल्या ट्रान्सपाँडरचे पेटंट मिळाले. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील आल्फ्रेड कोएल, स्टीव्हन डेप आणि रॉबर्ट फ्रेमन यांनी दुरून ओळख पटवणाऱ्या सेलविरहित खुणांवरचे काम प्रसिद्ध केले.

ही खूण सर्वप्रथम ज्यांच्या उपयोगी पडली त्यांत गुरेढोरे होती. कोणती गाय कोणती, हे गोठ्यात आपोआप कळावे म्हणून तांदळाच्या दाण्यासारखी काचेची कुपी जनावराच्या कातडीखाली सोडत. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक सूक्ष्म चिप असे. बाहेरच्या वेटोळ्यात सेकंदाला सव्वा लाखाच्या आसपास आवर्तनांचा प्रवाह सोडला की आतल्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले प्रवर्तन ते हेच. त्या इवल्याशा विजेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. इतक्या कमी वारंवारितेच्या लहरी मांसातून, पाण्यातून, प्लॅस्टिकमधून सहज जातात. जनावराच्या कातडीखाली जी गोष्ट चालते, ती चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यातही चालते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्यांनी गुरांसाठी आणि मोटारींसाठी एकाच तत्त्वावरचे तुकडे बनवले.

गाडीचे पहारे

१९९० च्या सुमारास पूर्व युरोपच्या सीमा खुल्या झाल्या आणि जर्मनीतून गाड्या चोरीला जाण्याचे प्रमाण वाढले. भरपाई देणाऱ्या विमा कंपन्यांनी इंजिनच अडवणाऱ्या यंत्रणेचा आग्रह धरला. मोटार कंपन्यांनी गोठ्यातली युक्ती कुलपाशी आणली. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे कडे बसले. चावी आत गेली की कडे हाक देते, चावीतली चिप ओ देते, आणि इमोबिलायझर नावाचा पहारेकरी इंजिनच्या संगणकाला सांगतो, येऊ दे. ओ आली नाही तर इंधन आणि ठिणगी बंद. माझी गाडी दोन सेकंदांत बंद पडली ती यामुळे. तारा जुळवून आता काही होत नाही, कारण परवानगी तारेतून नव्हे, शब्दातून मिळते.

युरोपीय संघाने १९९५ मध्ये निर्देश काढला आणि १ ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये आणि कॅनडात २००७ मध्ये तोच नियम आला. फायदा किती झाला, हे नेदरलँड्समधले अर्थशास्त्रज्ञ यान व्हान ऑर्स आणि बेन व्होलार्ड यांनी मोजले : १९९५ ते २००८ या काळात या यंत्रामुळे तिथल्या मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटल्या.

शब्दही सुधारत गेला. पहिल्या चिपा कायम एकच क्रमांक सांगत, त्यामुळे तो ऐकून दुसऱ्या चिपेत भरता येई. मग फडातला सवाल-जवाब आला. गाडी दर वेळी नवा आकडा टाकते. चावी आपल्या पोटातल्या गुपिताने त्याचे गणित करते आणि जवाब देते. गुपित स्वतः कधी हवेत येत नाही, आणि कालचा जवाब आज चालत नाही.

चावी ओळखवणे

इथे दुसऱ्या चावीचा अर्थ बदलला. पूर्वी काम चावीवर होत होते. आता ते गाडीवर करावे लागते. नव्या चावीला जन्मतःच स्वतःचा क्रमांक असतो. तो गाडीच्या स्मरणात नोंदवावा लागतो. बाजारात याला चावी प्रोग्राम करणे किंवा कोडिंग म्हणतात. मला 'ओळखवणे' हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

ओळखवण्याच्या रीती प्रत्येक कंपनीने वेगळ्या ठेवल्या. १९९० च्या दशकातल्या फियाटला एक लाल चावी मिळे. ती रोज वापरायची नाही, फक्त नव्या चाव्यांची ओळख करून द्यायला घरी जपून ठेवायची. ती हरवली तर नवी चावी नोंदवण्यासाठी संगणकाचा डबाच बदलायची वेळ येई. फोर्डच्या अनेक गाड्यांत मालकाला हे काम घरीच करता येई. पहिली ओळखीची चावी फिरवायची, काढायची, काही सेकंदांत दुसरी ओळखीची चावी फिरवायची, आणि लगेच तिसरी, नवी. दिवा लागून विझला की नवी चावी घरातली झाली. अट एकच : ओळखीच्या दोन चाव्या हव्यात. यामागचा विचार मला फार समंजस वाटतो. गॅरेजात किंवा हॉटेलच्या दारात आपण एकच चावी देतो. एका चावीवरून तिसरी ओळखवता आली असती, तर ती चावी तासभर हातात आलेल्या कोणालाही आपली प्रत करून घेता आली असती. दोन चाव्यांची साक्ष हा मालकीचा पुरावा होता. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत पुरावा वेळेचा होता. चावी फिरवून दहा मिनिटे थांबायचे, असे तीनदा. अर्धा तास थांबण्याइतकी सवड चोराला नसते.

दोन्ही चाव्या गेल्या तर मामला अवघड. मग गाडीचा चासी क्रमांक, कंपनीकडचा गुप्त पिन आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडायचे निदानयंत्र लागते. पिन मिळाला नाही तर काही कारागीर डॅशबोर्ड खोलून, आठ पायांची स्मृतिचिप वाचून तिच्यातून तो काढतात. कानस चालवणाऱ्या हातांनी आता डाग देण्याची पेन्सिल आणि लॅपटॉप धरला आहे. माझ्या चावीवाल्याने तेच केले. त्याने नव्या चावीत चिप बसवली, यंत्र जोडले आणि दोन्ही चाव्या पाळीपाळीने गाडीला ओळखवल्या. यंत्राच्या पडद्यावर आकडा आला : नोंदवलेल्या चाव्या २. वाटेत कुठेतरी पडलेली ती चावी यादीतून आपोआप गळाली. ती सापडली तर दार उघडेल, पण इंजिन तिला ओ देणार नाही.

परवल फुटते तेव्हा

कोणतीही परवल कायमची नसते. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपेतले ४० बिटांचे गुपित फोडले. त्यात सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता होत्या. १६ चिपांची जोडणी करून त्यांनी त्या तपासल्या आणि स्वतः बनवलेल्या नकलेने फोर्ड गाडी सुरू करून दाखवली. २०१२ मध्ये हिटॅग-२ या चिपेची पाळी आली. मेगामॉस चिपेतली कमजोरी फ्लाव्हिओ गार्सिया, रोएल वर्दुल्त आणि बारिश एगे यांना सापडली, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयातून त्यांच्या निबंधावर मनाई आणली. एक वाक्य गाळून तो २०१५ मध्ये छापला गेला. हे सगळे संशोधक चोराच्या आधी कमजोरी शोधत होते. त्यांचे आभार मानले पाहिजेत.

तरीही फुटणारा पहारा आणि नसलेला पहारा यांत किती फरक आहे, हे अमेरिकेने पाहिले. तिथे इमोबिलायझर कधीच सक्तीचा झाला नाही. २०१५ च्या ह्युंदाई आणि किया गाड्यांपैकी फक्त २६ टक्के मॉडेलांत तो मूळचा होता, इतर कंपन्यांत ९६ टक्के. २०२१-२२ मध्ये स्टिअरिंगखालचे आवरण काढून यूएसबी वायरच्या टोकाने कुलूप फिरवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि पोरे गाड्या पळवू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने या प्रकारांशी जोडलेले किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू जाहीर केले. ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली. शेंगदाण्याएवढा तुकडा वाचवला, त्याची ही किंमत.

दुसरी चावी कोणाची?

म्हणून इमोबिलायझरविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. प्रश्न परवानगीचा आहे. आकाराच्या चावीत मालक आणि कारागीर दोघे पुरेसे होते. शब्दाच्या चावीत कंपनी तिसरी आली, आणि पिन, यंत्र, कोरी चावी या तिन्ही गोष्टी तिच्या कपाटात गेल्या. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये कायदा करून नोंदणीकृत कुलूपकारांना चावी बनवण्याची माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानयंत्रे स्वतंत्र गॅरेजांना न मिळू देणे हा त्या कंपन्यांवरचा ठपका होता. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जी चार क्षेत्रे निवडली, त्यांत मोटारी आहेत.

या हक्कात दुसरी चावी स्पष्ट शब्दांत यायला हवी. कारागिराची नोंदणी करा, मालकाचे कागद तपासा, प्रत्येक कामाची वही ठेवा. सुरक्षेसाठी हे सगळे रास्त आहे. पण कागद पुरे असलेल्या मालकाला आपल्या गावातल्या कारागिराकडून, परवडेल अशा दरात चावी करून घेता आली पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब राहणाऱ्या माणसाला चावीसाठी गाडी क्रेनवर घालून न्यावी लागू नये.

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. गाडीबरोबर पिनचे कार्ड किंवा चावीच्या क्रमांकाची पत्र्याची चकती मिळाली असेल तर ती गाडीत नको, घरी कागदांत ठेवा. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागा, दोन्हींनी इंजिन सुरू करून बघा, आणि किती चाव्या नोंदल्या आहेत ते यंत्रावर पाहून घ्या. दोनपेक्षा जास्त निघाल्या तर जुन्या नोंदी पुसून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, हे ध्यानात ठेवा. आणि दोनातली एक हरवली असेल तर तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता या आठवड्यात नवी करून घ्या. एक चावी हातात असताना दुसरी करणे सोपे आणि स्वस्त असते. शेवटची चावी हरवली की गाडी दारात उभी असते, पण आपल्याला ओळखत नाही.